घर कुणाचं, किल्ली कुणाकडे

१९९१ सालच्या वसंतात येल विद्यापीठातल्या ‘स्कल अँड बोन्स’ या गुप्त मंडळाच्या पंधरा सदस्यांनी एक निर्णय घेतला. दरवर्षी शेवटच्या वर्षात जाणारे पंधरा विद्यार्थी निवडून मंडळ त्यांच्या हाती सोपवायचं, ही १८३२ पासूनची रीत. या वेळी निवडलेल्यांत मुलीही असतील, असं त्यांनी ठरवलं. येलचं पदवीशिक्षण मुलींना १९६९ मध्येच खुलं झालं होतं. म्हणजे बावीस वर्षं वर्गात आणि ग्रंथालयात बरोबरीने वावरणाऱ्या मुली या एका दाराशी येऊन थांबत होत्या. मंडळाची दगडी, बंदिस्त वास्तू माजी सदस्यांच्या ट्रस्टच्या नावावर होती. ट्रस्टने वाद घातला नाही, सरळ वास्तूची कुलपं बदलली. मंडळ चालवणारे विद्यार्थी आपल्याच मंडळाच्या बाहेर उभे राहिले.

मग माजी सदस्यांचं टपालाने मतदान झालं. मुलींच्या बाजूने ३६८, विरोधात ३२०. पुराणमतवादी गटाचे नामवंत लेखक-संपादक विल्यम बकली हे याच मंडळाचे. ते आणि त्यांचे साथीदार न्यायालयात गेले आणि स्थगिती घेऊन आले. ऑक्टोबरात पुन्हा मतदान झालं : ४२५ विरुद्ध २३६. मुली आत आल्या. त्या वेळी व्हाइट हाऊसमध्ये बसलेले जॉर्ज बुश याच मंडळाचे, त्यांचे चिरंजीव याच मंडळाचे आणि त्यांच्याआधीचे आणखी एक राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट हेही याच मंडळाचे.

विद्यार्थ्यांच्या पुरुषी मंडळांनी स्त्रियांना सदस्य करून घ्यावं की नाही, हा वाद अमेरिकेत निदान पन्नास वर्षं चालू आहे. समानता विरुद्ध स्वातंत्र्य अशा मोठ्या शब्दांत तो मांडला जातो. पण वरच्या हकिकतीत तत्त्वावरून झालेलं भांडण थोडं आणि वास्तूवरून झालेलं जास्त आहे. विद्यार्थी तयार होते, वर्ग मिश्र झाला होता, विद्यापीठाचीही हरकत नव्हती. अडवणूक झाली ती मालमत्तेचे कागद ज्यांच्या कपाटात होते त्यांच्याकडून. या वादाची बाकीची प्रकरणं वाचतानाही तोच धागा धरून ठेवला तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

वादमंडळापासून वाड्यापर्यंत

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत कॉलेजला गेली, की ‘फ्रॅट’ हा शब्द आपल्याकडच्या आईवडिलांच्याही कानावर पडतो. दर्शनी भिंतीवर ग्रीक अक्षरं मिरवणारं प्रशस्त घर, सत्राच्या सुरुवातीला नवे सदस्य टिपण्यासाठी चालणारी ‘रश’, निवडलेल्यांचा ‘प्लेज’ म्हणून उमेदवारीचा काळ, त्या काळात होणारा ‘हेझिंग’ नावाचा छळ आणि शनिवार रात्रीच्या पार्ट्या, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी.

सुरुवात मात्र बौद्धिक होती. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजमध्ये ‘फाय बीटा कॅपा’ स्थापन झाली : निबंध, वादविवाद, ग्रीक बोधवाक्य, शपथ, खुणेचं हस्तांदोलन. पुढे ती गुणवंतांची मानद संस्था बनली आणि १८७५ मध्ये तिच्या व्हरमाँट शाखेने मुलींना सदस्य करून घेतलं. आजच्या अर्थाच्या फ्रॅटर्निटीचा उगम न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजमध्ये. १८२५ मध्ये तिथे ‘कॅपा अल्फा’ निघाली, १८२७ मध्ये आणखी दोन. तेव्हाची कॉलेजं बहुतेक पाद्री मंडळींच्या शिस्तीखाली चालत. प्रार्थना, पाठांतर, घंटा यांतून सुटून आपल्या वयाच्या मुलांत बसायला जागा मिळाली, याचंच मुलांना अप्रूप होतं.

जागा मोठी होत गेली. खोलीचं घर झालं, घराचा वाडा झाला आणि त्याबरोबर तीन मजली सत्तारचना उभी राहिली. तळाला चॅप्टर, म्हणजे त्या त्या कॉलेजातले प्रत्यक्ष सदस्य. वर राष्ट्रीय संघटना : सनद तिची, विधी तिचे, विम्याच्या अटी तिच्या, सदस्य कोण होऊ शकतो हे सांगणारी घटनाही तिची. आणि बाजूला माजी सदस्यांचं मंडळ, ज्याच्या नावावर अनेक ठिकाणी घर असतं. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातात, बाकीचे दोघे राहतात. चॅप्टरने उद्या एकमताने मुली घ्यायच्या ठरवल्या, तरी राष्ट्रीय संघटना सनद काढून घेऊ शकते आणि गृहमंडळ घर.

आपल्या लोकांनीही हाच साचा उचलला. १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात भारतीय वंशाच्या मुलांनी ‘आयोटा नू डेल्टा’ काढली. १९९८ मध्ये ह्यूस्टनला दक्षिण आशियाई मुलींची ‘डेल्टा फाय ओमेगा’ निघाली. गोऱ्यांच्या घरांत सहज सामावून न घेतल्या गेलेल्या मुलांनी आपली वेगळी चूल मांडली हे समजण्यासारखं आहे. पण चूल मांडतानाही मुलगे एका घरात आणि मुली दुसऱ्या घरात, ही अमेरिकन वाटणी त्यांनी जशीच्या तशी घेतली.

बेटी लॉकने काय मागितलं होतं

मुलींची वेगळी घरं कशी निघाली, याची एक गोष्ट ‘कॅपा अल्फा थीटा’ या संघटनेत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. इंडियाना राज्यातल्या तेव्हाच्या अ‍ॅसबरी विद्यापीठाने १८६७ मध्ये मुलींना प्रवेश दिला. पहिल्या तुकडीत गणिताच्या प्राध्यापकांची मुलगी बेटी लॉक होती. एका फ्रॅटर्निटीतल्या मुलाने तिला आपल्या मंडळाचा बिल्ला लावायला देऊ केला, मैत्रीची खूण म्हणून. तिने सरळ विचारलं : बिल्ला मिळेल, मग सदस्यत्वही मिळेल का? ते मिळणार नव्हतं. २७ जानेवारी १८७० रोजी तिने तीन मैत्रिणींसह स्वतःची संघटना काढली.

मुलींची मंडळं याआधीही होती. जॉर्जियातल्या वेस्लियन कॉलेजमध्ये १८५१ मध्येच एक निघालं होतं, पण ते कॉलेजच मुलींचं होतं. बेटीच्या मंडळाची जात वेगळी. मिश्र कॉलेजात, नकार मिळाल्यावर काढलेलं ते मंडळ होतं.

मराठी वाचकाला यात काही अनोळखी वाटायचं कारण नाही. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, ते फिलाडेल्फियाचं कॉलेज फक्त स्त्रियांचं होतं, कारण पुरुषांची वैद्यकीय कॉलेजं स्त्रियांना उभी करत नव्हती. त्या पदवीदानाला हजर राहण्यासाठी गेलेल्या पंडिता रमाबाई पुढे अमेरिकाभर हिंडल्या आणि १८८९ मध्ये त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झालं. तिथल्या स्त्रियांनी स्वतःच्या संस्था, मंडळ्या आणि दारूबंदीची संघटना कशी उभारली, याचं वर्णन रमाबाईंनी मोठ्या आस्थेने केलं आहे. इकडे धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेही दुसरी दारं अरुंद होती म्हणूनच.

तेव्हा केवळ स्त्रियांची संस्था आणि केवळ पुरुषांची संस्था यांना एकाच मापाने मोजायचं का, हा प्रश्न उरतोच. हॉवर्ड विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९१३ च्या जानेवारीत ‘डेल्टा सिग्मा थीटा’ स्थापन केली आणि मार्चमध्ये त्या वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात चालल्या. नकारातून जन्मलेल्या अशा संस्थेचं वेगळेपण हे तिचं बळ होतं. मात्र म्हणून मुलींची घरं निष्पाप होती असंही नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात ज्यू मुलींना सोरोरिटीत घेत नसत. मॉली यार्ड या विद्यार्थिनीने त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि १९३३ मध्ये मुलींनी स्वतःच मतदान करून सोरोरिट्या बंद केल्या. याच मॉलीबाई पुढे अमेरिकेच्या ‘नाऊ’ या राष्ट्रीय स्त्री-संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. अलाबामा विद्यापीठात तर कृष्णवर्णीय मुलींना गोऱ्या सोरोरिट्या डावलत असल्याचं विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने २०१३ मध्ये चव्हाट्यावर आणलं. त्यात नाव निघालं ते माजी सदस्य बायकांच्या हस्तक्षेपाचं. चॅप्टरमधल्या मुलींपैकी काही जणी घ्यायला तयार होत्या.

कायद्यातली सवलत

१९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ आलं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, असा तो कायदा. तो तंतोतंत लावला असता तर फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी दोन्ही अडचणीत आल्या असत्या. त्यांनी संसदेत धाव घेतली. १९७४ च्या अखेरीस दुरुस्ती झाली आणि तीत स्काउट, गाइड, ‘वायएमसीए’ यांच्याबरोबर कॉलेजातल्या सामाजिक फ्रॅटर्निटी-सोरोरिटींचं सदस्यत्व कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलं गेलं. दुरुस्ती मांडणारे सिनेटर बर्च बाय हे मूळ कायद्याचेही प्रमुख शिल्पकार होते.

सवलत मिळाली ती ‘सामाजिक’ संघटनांना. व्यवसायाशी निगडित फ्रॅटर्निटींना ती नव्हती. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांची ‘डेल्टा सिग्मा पाय’ १९७५ मध्ये मुलींना खुली झाली, ‘अल्फा कॅपा साय’ १९७६ मध्ये, सेवाकार्य करणारी ‘अल्फा फाय ओमेगा’ त्याच वर्षी, बँडवाल्यांची ‘कॅपा कॅपा साय’ १९७७ मध्ये. त्या आजही आहेत, त्यांचे विधी आहेत, त्यांत बंधुभावाच्या आणाभाकाही होतात. मुली आल्या की संघटनेचा आत्मा जातो, या भीतीची पन्नास वर्षांपूर्वीच प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे. वादात या संघटनांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

विद्यार्थिजगताबाहेरही तेच घडत होतं, आणि त्याचे पडसाद महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत आले. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते इथल्या रोटरी क्लबने १९७७ मध्ये स्त्रियांना सदस्य केलं. रोटरी इंटरनॅशनलने त्या क्लबची सनदच काढून घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ मध्ये न्यायालयाने क्लबच्या बाजूने कौल दिला : एवढी मोठी, समाजात आणि व्यापारउदिमात वावरणारी संघटना खासगी मित्रमंडळाचा आडोसा घेऊ शकत नाही. १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी घटनेतली पुरुषांची अट काढली. आज आपल्याकडे रोटरीच्या अध्यक्षपदी बाई असणं ही बातमी होत नाही, आणि तरी ‘इनर व्हील’ ही स्त्रियांची वेगळी संघटनाही गावोगाव टिकून आहे. एक दार उघडल्याने दुसरी ओसरी ओस पडली नाही.

विद्यार्थी फ्रॅटर्निटींना हा न्याय कितपत लागू होतो? न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाच्या स्टेटन आयलंड कॉलेजात ज्यू मुलांच्या एका फ्रॅटर्निटीला फक्त मुलगे घेते म्हणून मान्यता नाकारली गेली. २००७ मध्ये अपील न्यायालयाने कॉलेजची बाजू ग्राह्य धरली. सदस्यसंख्येला मर्यादा नाही, नवे सदस्य मिळवायला खुल्या पार्ट्या होतात, तेव्हा हे कुटुंबासारखं खासगी नातं कसं मानायचं, असा साधारण युक्तिवाद होता. म्हणजे कायदा फ्रॅटर्निटींना हात लावत नाही, पण कॉलेजने हात लावला तर त्याचा हात धरतोच असंही नाही.

पार्टीचं यजमानपद

वादाचं सगळ्यात दुखरं ठाणं आहे ते दारू आणि लैंगिक अत्याचार. इथेही घराचाच प्रश्न मुळाशी आहे. ‘नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स’ ही १९०२ पासूनची सोरोरिटींची शिखर संस्था. तिच्या सदस्य संघटनांच्या घरांत दारू चालत नाही. मुलांच्या घरांत ती वाहते. ‘फाय डेल्टा थीटा’सारख्या एखाद्या संघटनेने २००० मध्ये आपली घरं दारूमुक्त केली. बाकीच्यांच्या शिखर संस्थेने २०१८ मध्ये फक्त कडक मद्यावर बंदी घातली. परिणाम असा, की कॉलेजातल्या एकविशीखालच्या मुलीला पार्टीला जायचं तर मुलांच्या घरीच जावं लागतं. आत कुणाला सोडायचं हे दारातला मुलगा ठरवतो, पेल्यात काय ओतायचं हे दुसरा ठरवतो, आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या त्यांच्याच.

मानववंशशास्त्रज्ञ पेगी रीव्ज सँडे यांनी १९९० मध्ये फ्रॅटर्निटींतल्या सामूहिक बलात्कारांवर पुस्तक लिहिलं. काही मुलगे बिघडलेले असतात, एवढ्यावर ते थांबत नाही. आपलेपणा सिद्ध करण्याच्या विधीतच मुलीला वस्तू करण्याची तालीम कशी मिळते, याची ते चिकित्सा करतं. त्या चिकित्सेला दाखले मिळत राहिले. २०१० मध्ये येलच्या ‘डेल्टा कॅपा एप्सिलॉन’च्या उमेदवारांना पहिल्या वर्षाच्या मुलींच्या वसतिगृहांपाशी नेऊन संमतीची टर उडवणाऱ्या घोषणा द्यायला लावलं गेलं. विद्यापीठाने त्या चॅप्टरवर पाच वर्षांची बंदी घातली.

२०१९ च्या फेब्रुवारीत येलच्या तीन विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. विद्यापीठ आणि नऊ फ्रॅटर्निटींविरुद्धच्या त्यांच्या दाव्यात दोन गोष्टी एकत्र गुंफल्या होत्या. पार्ट्यांत होणारी अंगलट ही एक, आणि माजी सदस्यांच्या ओळखीतून मिळणाऱ्या नोकऱ्या ही दुसरी. त्यांना नुकसानभरपाईपेक्षा सदस्यत्व हवं होतं : आम्हाला आत घ्या. जानेवारी २०२० मध्ये न्यायाधीशांनी दाव्याचा बराच भाग फेटाळला, कारण १९७४ ची ती सवलत. पण मागणीत मुलींनी दाखवलेली अचूकता विसरण्यासारखी नाही. पंगतीला पाहुणी म्हणून बसणं आणि कोठीची किल्ली कमरेला असणं यात जो फरक असतो, तोच त्यांनी न्यायालयापुढे मांडला होता.

सक्तीचे प्रयोग

कॉलेजांनी सक्ती केली तिथे काय झालं? व्हरमाँटमधलं मिडलबरी कॉलेज आधी घ्यायला हवं. १९८८ मध्ये तिथल्या एका फ्रॅटर्निटीने स्त्रीचा छिन्नविच्छिन्न पुतळा घराबाहेर टांगला. दोन वर्षांच्या आत विश्वस्तांनी फर्मान काढलं : मिश्र व्हा, नाहीतर बंद करा. बहुतेक घरं मिश्र ‘सोशल हाऊस’ झाली. कॉलेज लहान, गाव लहान आणि विश्वस्त ठाम, त्यामुळे निभावलं.

कनेटिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजने १९९२ मध्ये असंच फर्मान काढलं, पण ते बरंचसं कागदावर राहिलं. २०१२ मध्ये ते नव्याने आणि जास्त कडक झालं : स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास समसमान हवं. विरोध पेटला, देणगीदार माजी विद्यार्थी बिथरले. २०१५ मध्ये नव्या अध्यक्ष जोअ‍ॅन बर्जर-स्वीनी यांनी फर्मान मागे घेतलं. हेतू योग्य असला तरी या मार्गाने तो साधण्याची शक्यता दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्याच राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठाने सप्टेंबर २०१४ मध्ये वेगळी अट घातली : ज्या फ्रॅटर्निटींना राहती घरं आहेत त्यांनी तीन वर्षांत मिश्र व्हावं. ‘डेल्टा कॅपा एप्सिलॉन’ने तोडगा सुचवला, की आमच्या घरात एका सोरोरिटीच्या मुलींना राहायला जागा देऊ. म्हणजे खोली मिळेल, सदस्यत्व नाही. विद्यापीठाला ते पटलं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं. २०१७ मध्ये ज्यूरीने फ्रॅटर्निटीच्या बाजूने ३ लाख ८६ हजार डॉलर मंजूर केले आणि २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. भांडण समानतेवर झालंच नाही. आश्वासन मोडलं का, व्यवहार प्रामाणिक होता का, असल्या मुद्द्यांवर ते रेंगाळलं.

सगळ्यात गाजला तो हार्वर्डचा प्रयोग. तिथल्या पुरुषी ‘फायनल क्लब’नी १९८४ मध्येच मुली घेण्यापेक्षा विद्यापीठाशी असलेला संबंध तोडणं पसंत केलं होतं. त्यामुळे २०१६ मध्ये विद्यापीठाच्या हाती क्लबांची नाडी नव्हती, विद्यार्थ्यांची होती. अध्यक्ष ड्रू फाउस्ट आणि डीन राकेश खुराना यांनी मे महिन्यात नियम जाहीर केला : २०१७ पासून प्रवेश घेणारा जो विद्यार्थी एकलिंगी मंडळाचा सदस्य होईल, त्याला विद्यार्थी संघटनांचं नेतृत्व आणि संघाचं कर्णधारपद मिळणार नाही, ऱ्होड्ससारख्या शिष्यवृत्तीसाठी शिफारस मिळणार नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात पोर्सेलियन या १७९१ च्या क्लबच्या माजी सदस्यांचे अध्यक्ष जाहीरपणे म्हणाले होते, की मुली घेतल्या तर अत्याचाराची शक्यता वाढेल, कमी होणार नाही. टीकेचा भडिमार झाल्यावर त्यांना पद सोडावं लागलं.

पण नियमाचा पहिला तडाखा बसला तो मुलींना. पोर्सेलियनकडे इमारत होती, पैसा होता, श्रीमंत माजी सदस्य होते. तो स्वस्थ बसून राहिला. सोरोरिट्यांकडे यातलं थोडंच होतं. २०१८ मध्ये ‘डेल्टा गॅमा’चं चॅप्टर बंद पडलं, इतरांनी राष्ट्रीय संघटना सोडून मिश्र रूप घेतलं. डिसेंबरात हार्वर्डविरुद्ध दावे दाखल झाले. वादींत दोन मोठ्या फ्रॅटर्निटी होत्या आणि त्यांच्या शेजारी ‘कॅपा अल्फा थीटा’ होती. जिला पुरुषांनी दार लावलं त्या बेटी लॉकचीच संघटना आता वेगळं राहण्याच्या हक्कासाठी पुरुषांच्या बाजूने न्यायालयात उभी होती. १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बोस्टॉक प्रकरणात निकाल दिला. तो नोकरीतल्या भेदभावाबद्दल होता, पण त्यातला तर्क हार्वर्डला अडचणीचा ठरला. पुरुषांच्या क्लबात गेलेल्या मुलाला शिक्षा आणि त्याच क्लबात मुलगी गेली तर शिक्षा नाही, म्हणजे शिक्षा विद्यार्थ्याच्या लिंगावरून ठरते. महिनाअखेरीस हार्वर्डने नियम मागे घेतला.

विरोधकांचं म्हणणं

मिश्र सदस्यत्वाला विरोध करणाऱ्यांच्या काही मुद्द्यांत वजन आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला मनातलं बोलायला फक्त मुलांची सोबत लागू शकते, मुलीलाही तसंच. कुणाशी मैत्री करायची हे विद्यापीठाने ठरवू नये, हाही मुद्दा खरा. आणि मुली आल्या की रानटीपणा आपोआप जाईल, या आशेला पुराव्याचा आधार तोकडा आहे. २०११ मध्ये फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या बँडमधला रॉबर्ट चँपियन बसमध्ये झालेल्या हेझिंगमध्ये मारहाणीने मेला. तो बँड मिश्र होता. २०१७ मध्ये पेन स्टेटच्या ‘बीटा थीटा पाय’च्या घरात उमेदवारीच्या रात्री दारू पाजल्यावर टिमथी पियाझा जिन्यावरून पडला. कित्येक तास कुणी रुग्णवाहिका बोलावली नाही आणि दोन दिवसांनी तो गेला. तिथे एखादी मुलगी सदस्य असती तर तिने फोन केला असता, असं म्हणणं म्हणजे मुलांचं शहाणपण मुलींच्या अंगावर टाकणं. सदस्य होणारी मुलगी घर सुधारायला येत नाही, आपला वाटा घ्यायला येते. सुधारणेचं काम तिच्या माथी मारून सदस्यत्वाचं समर्थन करणारे तिचा हक्क सशर्त करून ठेवतात.

तरीही विरोधकांचं उत्तर एका ठिकाणी अडतं. फ्रॅटर्निटी ही नुसती मैत्री असती तर तिला ग्रीक अक्षरं, कॉलेजची मान्यता, करसवलत आणि गावातल्या मोक्याच्या जागी घर लागलं नसतं. बँकेच्या मुलाखतीला शिफारस करणारा माजी सदस्य हा मित्र असतोच असं नाही. बऱ्याचदा त्याने त्या मुलाला पाहिलेलंही नसतं.

आतून उघडलेली दारं

काही ठिकाणी दारं आतून उघडली, आणि त्यांचा इतिहास बोलका आहे. डार्टमथ हे फ्रॅटर्निटींचं आगर. १९७८ चा ‘अ‍ॅनिमल हाऊस’ हा गाजलेला धांगडधिंगा चित्रपट तिथल्याच एका घराच्या आठवणींवरून सुचलेला. १९९९ मध्ये अध्यक्ष जेम्स राइट यांनी सगळी व्यवस्था बऱ्याच अंशी मिश्र करण्याचं जाहीर केलं तेव्हा वादळ उठलं आणि बेत तडीस गेला नाही. पण त्याच डार्टमथमध्ये ‘अल्फा थीटा’ आणि ‘फाय टाऊ’ ही दोन मिश्र घरं कधीचीच होती. पहिलं घर १९५२ मध्ये ‘थीटा काय’ या राष्ट्रीय संघटनेपासून फुटलं, कारण संघटनेच्या घटनेत फक्त गोऱ्यांसाठी असलेलं कलम होतं. दुसरं १९५६ मध्ये आपल्या संघटनेतून बाहेर पडलं, तेही वंशभेदावरूनच. १९७२ मध्ये कॉलेज मुलींना खुलं झाल्यावर याच दोन घरांनी मुलींना सदस्य केलं. एकदा सनदेवर पाणी सोडण्याची हिंमत केलेल्या घरांना दुसरी हिंमत सोपी गेली. ब्राउन विद्यापीठातल्या ‘झीटा साय’च्या चॅप्टरने ऐंशीच्या दशकात मुली घेतल्या आणि त्यापायी राष्ट्रीय संघटना सोडून ‘झीटा डेल्टा झाय’ नाव लावलं. १९९२ मध्ये ‘अल्फा डेल्टा फाय’ या जुन्या संघटनेची मिश्र चॅप्टरं वेगळी होऊन त्यांची स्वतंत्र सोसायटी झाली.

या चारही उदाहरणांत विद्यार्थ्यांना किंमत मोजावी लागली ती राष्ट्रीय संघटनेची. घर हातात राहिलं तिथे चॅप्टर जगलं.

मग कॉलेजांनी काय करावं

माझ्या मते फ्रॅटर्निटींनी मुलींना सदस्यत्व द्यावं. कारण साधं आहे : मुलग्यांच्या घरांकडे जे आहे, म्हणजे जागा, यजमानपद, ओळखींची साखळी, ते मुलींच्या घरांकडे त्या प्रमाणात नाही, आणि वेगळेपण टिकेल तोवर ही विषमताही टिकेल. सोरोरिटींवर मात्र तीच घाई लादू नये. नकार पचवून उभ्या राहिलेल्या संस्थेने केव्हा दार उघडायचं, हे तिच्या सदस्यांनी ठरवावं. हा पक्षपात आहे, हे मान्य. पण दोन्ही बाजूंना एकच नियम लावला की आधी कमकुवत बाजू मोडते, हे हार्वर्डने दाखवून दिलं.

मार्गाबद्दलही हार्वर्डने एक गोष्ट शिकवली. विद्यार्थ्याला व्यक्तिशः शिक्षा करू नये. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या शिष्यवृत्तीवर टाच आणून साठ वर्षांच्या विश्वस्ताचं मन बदलत नाही. कॉलेजने आपल्याकडून जे दिलं जातं तेवढ्यावरच बोट ठेवावं : कॉलेजच्या जमिनीवर घर हवं, कॉलेजचं नाव हवं, नव्या मुलांना गाठायला कॉलेजचं आवार हवं, तर घराचा कारभार मिश्र हवा. कारभार म्हणजे सदस्यत्व, खजिनदारी आणि गृहमंडळातल्या जागा, तिन्ही. वेस्लियनच्या त्या चॅप्टरने देऊ केल्या तशा भाड्याच्या खोल्या त्यात मोजायच्या नाहीत. ज्यांना हे नको त्यांनी गावात आपल्या पैशाने घर घ्यावं आणि खुशाल पुरुषांचं मंडळ चालवावं. तो त्यांचा हक्क आहे, पण त्याचा खर्च कॉलेजातल्या मुलींच्या शुल्कातून निघू नये.

दुसरी बाजू चॅप्टरच्या संरक्षणाची. एखाद्या चॅप्टरमधल्या मुलग्यांनी मतदान करून मुली घ्यायचं ठरवलं आणि राष्ट्रीय संघटनेने सनद काढली, तर कॉलेजने त्याच मुलांना नव्या नावाने लगेच मान्यता द्यावी आणि घर गेलं तर पर्यायी घर द्यावं. आज अशा मुलांना वाऱ्यावर सोडलं जातं, म्हणून बदल बहुतेक मतपेटीपर्यंतच पोचत नाही. मिश्र चॅप्टरचा खर्च उचलायची तयारी नसलेल्या कॉलेजने समानतेची परिपत्रकं काढायचं थांबवलं तरी चालेल.